नळ आला की ढेमशा जेवतो

मी एक जुना वाटका आहे, आणि तोही जर्मनचा. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. मित्रांनो, भिलाईत राहून जर्मनचं असणं सोपं नाही. जिथे घरटी एक माणूस पोलाद गाळायला जातो, तिथे माझ्यासारख्याला कोण विचारणार? पण मी टिकलो. अंगावर पोचे आहेत, एक काठ वाकडा आहे, तरी भोक एकही नाही. शंका असेल त्याने पाणी भरून पाहावं.

भंडाऱ्याकडच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, ठकूबाईंनी मला घासाघीस करून विकत घेतलं. त्यांचा मुलगा देवराव प्लांटमध्ये नोकरीला लागला, तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत तांदूळ, लाखोळीची डाळ आणि मी असे सोबतच इकडे आलो. देवराव एकटा होता तोवर वरण माझ्यात, भात माझ्यात, पाहुणा आला तर चहासुद्धा माझ्यातच. मग बेबीताई लग्न होऊन आली, तिच्यासोबत स्टीलची भांडी आली आणि मी मांडणीवरून खाली उतरलो. आधी तांदूळ मोजायला, मग कपड्यांची पावडर काढायला, शेवटी बाथरूमच्या खिडकीत. तिथे मी धूळ खात पडलो होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा होळीनंतर मात्र माझे दिवस फिरले. देवरावची मुलगी हर्षा सातवीत आहे. सेक्टर दहाच्या बाजारामागून ती एक तपकिरी पिल्लू उचलून घरी घेऊन आली. पोट असं गोल की देवराव म्हणाला, "हे तं ढेमसं हाये." ढेमसं म्हणजे ती गोल हिरवी फळभाजी. झालं, त्याचं नाव ढेमशा पडलं. त्याला भांडं हवं होतं. स्टीलचं द्यायला बेबीताई तयार नव्हती, म्हणून मला खिडकीतून काढलं. बाकीचे वाटके हसले असतील तर हसोत, मी पुन्हा कामाला लागलो होतो.

पण घरात रोज कटकट सुरू झाली. आमच्या क्वार्टरमध्ये नळ सकाळी आणि संध्याकाळी येतो. नळ आला की बेबीताई पदर खोचून दिसेल ते भांडं काठोकाठ भरते. रिकामं भांडं तिला बघवत नाही. मलाही ती तसंच भरायची आणि ढेमशा बुडापर्यंत चाटून मोकळा व्हायचा. इतकं पाणी जाणार कुठे? कधी दिवाणाखाली, कधी फ्रिजजवळ, एकदा तर देवरावच्या ड्युटीच्या बुटात.

खाण्याची त्याहून वाईट गत. देवरावची शिफ्ट दर हप्त्याला बदलते. तो जेव्हा घरी येईल तेव्हा ताटातला पहिला घास ढेमशाला. "मुक्या जिवाले देऊन खावं," असं तो म्हणायचा. म्हणजे या हप्त्यात पिल्लाचं जेवण दुपारी, पुढच्या हप्त्यात भलत्याच वेळी. जेवणाला ठरलेली वेळ नाही, मग बाहेर जायला तरी कुठून असणार?

एक दिवस बेबीताईचा पाय ओल्या फरशीवर घसरला. ती देवरावला म्हणाली, "अजी, अक्तीले आई येऊन राहिल्या. घरात पितरांची पूजा हाये. तोवर याची घाण बंद झाली तं ठीक, नाही तं याले बाबुलालभाऊकडे पाठवा."

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया; आई म्हणजे तिच्या सासूबाई, ठकूबाई. बाबुलाल देवरावचा मित्र. हथखोजला त्याचा लहानसा कारखाना आहे आणि त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. दिवसभर साखळी, बाजूला लोखंडाचा खडखडाट. हर्षा त्या दिवशी जेवली नाही.

मग बेबीताईनं स्वतःच उपाय शोधला. तिनं मला पालथा घातला. सकाळी दोन घोट पाणी, की दिवसभर मी उपडा. पाणी नाही तर घाण नाही, असा तिचा हिशेब. मित्रांनो, एप्रिलमधली भिलाई तुम्हाला ठाऊक नसेल. ढेमशा माझ्या बुडावर पंजे घासायचा, मला चाटायचा. मी चांगला धडधाकट वाटका, पण पालथ्या वाटक्याच्या हातात काय असतं? दुसऱ्या दुपारी तो माझ्याशेजारी आडवा झाला तो उठेचना. हर्षानं हाक मारली तरी शेपूट हललं नाही.

बेबीताई हातातलं काम टाकून धावत आली. तिनं पिल्लू हर्षाच्या मांडीवर दिलं, मला पिशवीत टाकलं आणि भर उन्हात स्कूटी काढली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली, माझ्यातून थोडं थोडं पाणी पाजलं आणि बेबीताईला म्हणाले, "पानी बंद मत कीजिए, टाइम बाँधिए." दिवसा पाणी जवळ हवंच, पण थोडं थोडं. खाणं तीनदा, ठरल्या वेळी. खाल्लं, प्यायलं, झोपून उठलं की लगेच बाहेर. वाटका उचलायचा तो फक्त रात्री झोपण्याआधी.

घरी आल्यावर प्रश्न पडला, वेळ कोणती? देवराव म्हणाला, "माझ्या ड्युटीवर ठेवू."

हर्षा म्हणाली, "बाबा, तुमची ड्युटी तं दर हप्त्याले बदलते. नळ कुठं बदलते?"

ठरलं मग. नळ आला की ढेमशा जेवणार, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दुपारी हर्षासोबत. जेवला की मागच्या दारानं मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली. पोरीनं नियम केला, पण जड गेला मोठ्यांना. मला अर्धाच भरताना बेबीताई दोनदा नळ बंद करून पुन्हा उघडायची. देवराव तर शिफ्टवरून येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचा, कारण समोर ढेमशा बसलेला.

अक्तीच्या आदल्या दिवशी ठकूबाई आल्या, आणि त्याच दिवशी ढेमशा फ्रिजजवळ पुन्हा चुकला. बेबीताईनं फरशी पुसली. काय ठरवलं, कोणालाच सांगितलं नाही.

अक्तीला सकाळीच, आधी बोलणं झाल्याप्रमाणे, बाबुलाल आला, पिशवीत साखळी घेऊन. बेबीताई पूजेत, देवराव पाटावर, हर्षा रडवेली होऊन कोपऱ्यात. तेवढ्यात नळ आला. आज कोणाचं लक्ष नव्हतं. ढेमशा उठला, माझा वाकडा काठ दातात धरला आणि मला फरफटत नळाखालच्या बादलीपाशी घेऊन गेला. तो वाकडा काठ शेवटी कामी आला.

ठकूबाईंनी कौतुकानं मला उचललं आणि नळाखाली धरलं. पूजेतूनच बेबीताईचा आवाज आला, "आई, अर्धाच."

ढेमशा पाणी प्याला, हर्षानं दिलेला भात खाल्ला आणि थेट मागच्या दाराशी जाऊन बसला.

"हा कावून बसला तिथं?" ठकूबाईंनी विचारलं.

"बाहेर जाचं म्हणते," बेबीताई म्हणाली. ओल्या हातानं उठून तिनंच दार उघडलं. ढेमशा मुनग्याखाली जाऊन आला.

बाबुलालनं पिशवी चाचपली. "मंग, नेऊ का वहिनी याले?"

"जेवून जा भाऊ. साखळी तेवढी घेऊन जा."

हर्षानं आईला कमरेपाशी घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, मुकं लेकरू चुकलं तर त्याचं पाणी तोडू नका. त्याला वेळ लावून द्या, आणि ती वेळ आधी तुम्ही पाळा. दोन चुका जास्त होतील, होऊ द्या. फरशी पुसता येते.

त्या दुपारी ठकूबाईंनी मला हातात फिरवून पाहिलं आणि ओळखलं. "अवो बेबी, हा तं मंडईतला वाटका. घासून मांडणीवर ठेव न याले."

"नाही आई," बेबीताई म्हणाली, "तो कामावर हाये."