लॅपटॉपपुढची वीट

आमच्या बिऱ्हाडातले तीन लॅपटॉप एका महिन्यात चोरीला गेले. चौथा माझा, आणि माझा पदवीचा प्रकल्प त्यातच होता: लॅपटॉप कुणी हलवला की बोंब मारणारं यंत्र. यंत्र उत्तम चालायचं. पण दोक्कीच्या आमच्या गल्लीत गाड्यांचे भोंगे दिवसभर बोंबलतात आणि कुणी मान वर करत नाही. त्यात चोरांनी दाराचं कुलूपही मोडलेलं. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप अम्म गाबरना, म्हणजे गाबरकाकांना, दिला. गल्लीतल्या गाड्या तेच राखतात, आणि वीस वर्षांत एक आरसासुद्धा चोरीला गेलेला नाही. म्हटलं, सकाळपर्यंत डोळ्यांत तेल घालून सांभाळा.

सकाळी नऊला जाऊन बघते तर दोन गाड्यांच्या मध्ये अख्खी जागा अडवून माझी लॅपटॉपची पिशवी उभी. वर गाडीचं कापड, पुढे वीट. जागा शोधणारे ड्रायव्हर शिव्या घालत होते आणि अम्म गाबर थंडपणे सांगत होते की जागा भरलेली आहे. त्यात पिशवीसमोर कुणीतरी आडवी व्हॅन लावून गेलेलं, तीही हँडब्रेक ओढून. आमच्याकडे असं करत नाहीत. मागच्याला निघता यावं म्हणून गाडी ढकलता येईल अशीच सोडतात.

"मी उचलून घेते, अम्म. दहाला परीक्षा आहे, मग दार बंद."

"इंजिनीअर बाई, उचलून नेतो तो चोर. मालक रस्त्याने काढून नेतो."

"अहो, पण ही गाडी नाही."

"काल मी विचारलं का, काय आहे म्हणून? माझ्याकडे लागली की ती गाडीच."

माझं डोकंच फिरलं. मी पिशवीचा पट्टा धरून ओढला. त्यांनी शिटी मारली. तोंड मिटायच्या आत इस्त्रीवाला रिदा वाटेत आडवा आला, त्याच्यामागे उसळवाला, हातात डाव घेऊन. माझे कपडे रोज रिदाच इस्त्री करतो. तसं म्हटलं, तर म्हणाला, "ओळखतो की, निहाल. चोर काय नेहमी अनोळखीच असतो?"

मला रडू आलं, अगदी नाक गळेपर्यंत. तेव्हा कुठे अम्म गाबर विरघळले. लॅपटॉप उचलू दिला नाहीच. आठ माणसं गोळा करून व्हॅन उचलली. मग वीट काढली, माझ्यापुढे उलटं चालत "ये, ये, डावीकडे घे, बस्स" करत मला पिशवी जमिनीवरून ओढत रस्त्यावर आणायला लावली. चौकात हात दाखवून बस थांबवली. मला एकटीला सोडायला तयार नव्हते, म्हणून कॉलेजपर्यंत आले. वीटही आणली.

दहाला दोन मिनिटं कमी असताना मी आत शिरले. परीक्षक डॉक्टर वस्फींना म्हटलं, हलवून बघा. त्यांनी लॅपटॉप उचलला आणि कर्कश बोंब उठली. शेजारच्या परीक्षकाने चहाचा घोट घेतला. व्हरांड्यातून मुलं जात होती, एकानेही वळून पाहिलं नाही.

"बोंब झाली," वस्फी म्हणाले. "धावून कोण येणार?"

चार वर्षं पाण्यात गेली असं मला वाटलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अम्म गाबर आत आले, एका हातात वीट, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी डॉक्टर वस्फींचं मनगट पकडलं.

वस्फींनी विटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे गृहस्थ प्रकल्पाचा भाग आहेत का?"

"हो, सर," मी म्हणाले. "यंत्र नुसतं त्यांना हाक मारतं."