आक्काच्या पलंगाखालची नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. करंगळीएवढी जाड, हातभर लांब, एकेकाळी पाण्यासारखी स्वच्छ आणि आता पिवळट पडलेली. माझे एक टोक वितळून त्याची गाठ झाली होती, ती कापून टाकावी लागली. ते टोक का वितळले, तेच सांगायला मी बसले आहे. त्या दुपारला चार महिने होऊन गेले, तरी माझा थरकाप अजून गेलेला नाही. तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून मी एका भल्यामोठ्या भेंडोळ्यात दुकानात आले. तिथे एका वयस्कर वायरमनने हातभर तुकडा मागितला, दुकानदाराने कात्री चालवली आणि मी एकटी झाले. हा वायरमन एका सुताराचा सासरा. सुताराने सामान वाहणारी एक जुनी व्हॅन विकत घेतली होती आणि तो तिचे फिरते घर करत होता. पलंग, कपाटे, ओटा ही कामे त्याची. विजेचे काम त्याने सासऱ्यांवर सोपवले.

अशा फिरत्या घरात दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची. दुसरी घराची, म्हणजे दिवे, पंखा आणि नळाचा पंप चालवणारी. ही घराची बॅटरी पलंगाखाली एका लाकडी पेटीत ठेवली होती. मित्रांनो, बॅटरी दिसते दगडासारखी निर्जीव, पण चार्ज होताना तिच्या पोटातल्या पाण्याला बुडबुडे येतात आणि त्यातून वायू सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण एक ठिणगी मिळाली की तो भडकतो. बॅटरीच्या कडेला एक छोटी तोटी असते. तिला घट्ट धरून राहायचे, गाडीच्या तळाच्या भोकातून खाली उतरायचे आणि तो वायू बाहेर मोकळ्या हवेत सोडून द्यायचा, एवढेच माझे काम. काम साधे, पण त्याला सुट्टी नाही.

वायरमनने मला बसवले आणि पेटीवर एक कागद चिकटवला. ‘ही नळी बंद करू नये,’ असे त्यावर ठळक लिहिले. प्रत्येक सहलीआधी ते गाडीखाली वाकत, माझ्या तोंडावरचा चिखल बोटाने काढत आणि म्हणत, “ठीक आहेस ना गं?” नळीची एवढी विचारपूस कोण करतो? मी सहा वर्षे इमानेइतबारे काम केले ते त्या एका वाक्यावर. पुढे त्यांच्या पाठीने असहकार पुकारला. वाकणे बंद झाले आणि माझी विचारपूसही.

आता सुताराबद्दल सांगते. माणूस देवासारखा. चिडणे नाही, कुणाचे मन दुखावणे नाही. पण एक खोड होती. त्याला फट म्हणून सहन होत नसे. बंद दाराखालून कागद सरकला, तर तो रंधा घेऊन उठलाच म्हणून समजा. लोक त्याच्या कामाला हात लावून बघत आणि जोड कुठे आहे ते शोधत राहत.

त्याची थोरली बहीण म्हणजे आक्का. ती भावाकडेच राहायची, सगळ्यांचा स्वयंपाक करायची, आणि सहलीत माझ्या अगदी डोक्यावरच्या पलंगावर झोपायची. आक्काचे नाक त्या घरात फार मानाचे. दूध करपण्याआधी ती अंगणातून हाक मारायची. पाऊस, ओले लाकूड, शिळी भाजी, सगळे ती वासावरून सांगायची. घरात वासावरून वाद झाला की निकाल आक्काकडे जायचा, आणि तो कुणी मोडत नसे.

मागच्या थंडीत ती एकदा भावाला सहज म्हणाली, “पलंगाखालून गार वारा येतो रे. गुडघे धरतात.”

बस्स, एवढेच म्हणाली. सुताराने पेटी उघडली, तळाचे भोक पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. आपल्या गाडीत एवढे उघडे भोक, आणि आपल्याला पत्ताच नाही! त्याने सागाचा तुकडा घेतला, त्याचे गोल बूच केले, घासून पॉलिश केले. मला वर ओढले. “बॅटरीची दिसतेय, तोडायला नको,” असे म्हणत मला गुंडाळून पेटीतच ठेवले, आणि बूच खालून ठोकून बसवले. मग पेटीच्या कडांना रबराची पट्टी लावली. कागद जुना, मळलेला. तो पॉलिशपेपरखाली निघून गेला.

“बाबांनी ते भोक कशासाठी ठेवलं होतं?” त्याच्या बायकोने विचारले.

“गाडी धुतली की पाणी जायला असेल,” सुतार म्हणाला.

मी थक्क झाले, मित्रांनो. ते मळलेले अक्षर त्याच्या सासऱ्यांचे होते. सासरे जिवंत होते, फोनवर बोलत होते, आणि एक साधा प्रश्न विचारायचे कुणाच्या डोक्यात आले नाही. त्या रात्री आक्का म्हणाली, “आता कसं उबदार झालं,” आणि भावाला धन्य वाटले.

पुढच्या महिन्यात ते तिघे सहलीला निघाले. गाड्यांच्या एका तळावर मुक्काम पडला. तिथे प्रत्येक गाडीजवळ विजेचा खांब असतो, त्याची वायर लावली की आतला चार्जर सुरू होतो. घराची बॅटरी आता म्हातारी झाली होती. तिचा एक कप्पा निकामी झाला होता. पण चार्जरला ते कसे कळणार? तो आपला तिला भरवतच राहिला. ती तापली, तिच्यात पाणी खदखदायला लागले आणि वायू सुटला. तो माझ्यातून आला. आणि माझे तोंड पेटीत होते.

हे सांगताना आजही मला लाज वाटते. ज्या वायूला बाहेर नेण्यासाठी मी जन्मले, तो मी माझ्याच तोंडाने आक्काच्या पाठीखाली भरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरचा भोंगा, गॅस गळला की इशारा देणारा, वाजला. वायरी जातात त्या भोकांतून थोडा वायू बाहेर झिरपत होता. बॅटरी फार तापली की नासक्या अंड्यांच्या वासाचा एक वेगळा, विषारी वायूही सुटतो, त्याचा वास आता सगळ्या गाडीत होता.

“अंडी नासली वाटतं,” सुताराची बायको म्हणाली.

“मलाही येतोय वास,” सुतार म्हणाला. मग दोघांनीही आक्काकडे पाहिले असणार, कारण एकदम शांतता झाली. आक्काने एक अंडे घेतले असेल, नाकाशी धरले असेल.

“ताजी आहेत,” ती म्हणाली. “तुमच्या नाकांना काय झालंय?”

“आक्का म्हणतायत म्हणजे ताजीच असतील,” सुताराची बायको हसली. “आम्हाला सर्दी झालीय बहुतेक.”

मित्रांनो, दोघांची धडधाकट नाके ओरडून सांगत होती, भिंतीवरचा भोंगा कोकलत होता, आणि तिघांचे म्हणणे आक्काच्या एका शब्दाने खोटे ठरले. सुताराने भोंग्यातला सेल काढून खिशात टाकला. “जुना झालाय,” म्हणाला. मी पेटीत गुंडाळलेली होते. मला ओरडता आले असते तर मी माझा घसा फाडला असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्काचे डोके दुखायला लागले. ती पलंगावर पडली. बाहेर थंडी, म्हणून खिडक्या बंद. नवरा-बायको कपडे धुवायला गाड्यांच्या तळाच्या टोकाला असलेल्या नळावर गेली. पेटीत बॅटरीची कूस फुगून मला चेपत होती. मी मोजत होते, आता किती वायू जमला, आता किती. काळजी करण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हते.

थोड्या वेळाने वर पलंग करकरला. आक्का उठली. बाटलीतले पाणी भांड्यात ओतल्याचा आवाज आला. मग काड्यापेटी खुळखुळली.

माझी पाचावर धारण बसली. पहिली काडी ओढली ती मोडली. आक्का पुटपुटली आणि तिने दुसरी काडी काढली. तेवढ्यात दारावर जोरात थाप पडली.

“आत कोण आहे? काही पेटवू नका.”

आवाज शेजारच्या गाडीतल्या बाईंचा होता. बसच्या डेपोत बॅटऱ्या चार्ज करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, हे मला नंतर कळले.

“चहा ठेवतेय,” आक्का म्हणाली. “घ्याल का अर्धा कप?”

“नको. आधी काडी खाली ठेवा. इतका वास मारतोय, तुम्हाला येत नाही का?”

मी वाट पाहत होते. ती आता म्हणणार, वास कसला, सगळे ताजे आहे. आणि काडी ओढणार.

“नाही येत,” आक्का म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की मला तो ओळखू आला नाही. “मला कसलाच वास येत नाही. तापात गेला, तीन वर्षं झाली. घरात कुणाला माहीत नाही. तुम्हीपण बोलू नका.”

दूध, अंडी, भाजी, तीन वर्षे दिलेला प्रत्येक निकाल खोटा होता.

“नाही बोलत,” बाई म्हणाल्या. “काडी ठेवली?”

“ठेवली.”

“आता आतलं कुठलंही बटण न दाबता दार उघडा आणि बाहेर या.”

“चपला घालते.”

“अनवाणी या, ताई.”

दार उघडले. आक्का पायऱ्या उतरली. बाहेरचे मला नंतर कळले: समोर ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिचा भाऊ उभा होता आणि मागे त्याची बायको. त्याने सगळे ऐकले होते. बादली त्याच्या हातातून सुटली. बाईंनी खांबावरचा खटका बंद केला, तिघांना दूर उभे केले आणि गाडीखाली वाकून पाहिले.

“बॅटरीची नळी खाली दिसायला हवी. इथे हे काय बसवलंय?”

“मी बसवलं,” सुतार म्हणाला. “वारा यायचा.”

तेवढ्यात ओट्यावरच्या नळातून थेंब थेंब गळून पाण्याचा दाब कमी झाला आणि पंप आपला आपण सुरू झाला. त्याची कळ पेटीतच होती. बारीकशी ‘टक’ झाली आणि ठिणगी पडली.

पुढचे मला नीट सांगता येत नाही. उजेड झाला. पेटीचे झाकण आणि पलंगाची फळी एकदम छताला जाऊन आदळली. गादी दारापर्यंत फेकली गेली. आक्काच्या उशीवर बॅटरीतले आम्ल उडाले आणि कापडाला बघता बघता भोके पडत गेली. माझे टोक वितळले. सुताराचे बूच मात्र जागचे केसभरही हलले नव्हते.

सुतार उघड्या दारातून त्या उशीकडे बघत होता. बाई म्हणाल्या, “आत जायचं नाही. गार होऊ दे.” मग त्या आक्कासाठी स्वतःच्या चपला घेऊन आल्या.

बऱ्याच वेळाने सुतार खाली मातीत बसला. आक्का त्याच्या शेजारी बसली.

“सांगितलं का नाहीस?” त्याने विचारले.

“काय सांगू? सगळी मला विचारायला यायचात, बरं वाटायचं. नाक गेलं म्हटल्यावर कोण विचारणार होतं?”

“अगं, पण तीन वर्षं स्वयंपाक करतेयस. कधी मीठ चुकलं नाही की काही करपलं नाही. कसं जमवलंस?”

“तुमची तोंडं बघून,” आक्का म्हणाली. “पहिला घास घेतलात की मी बघायचे.”

सुताराची बायको इतका वेळ उभी होती. ती आक्काच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि तिने आक्काचा हात धरला. आक्काने तीन वर्षे रोज त्या दोघांची तोंडे पाहिली होती. तिच्या तोंडाकडे त्या दोघांनी एकदाही नीट पाहिले नव्हते, हे त्यांना तिथे मातीत बसल्यावर कळले.

वायरमनला फोन गेला. ते पाठ धरत आले, नवी बॅटरी बसवली, माझे वितळलेले टोक कापले आणि उरलेल्या मला पुन्हा खाली सोडले. सुताराने बूच छिन्नीने फोडून काढले. आता गाडी निघण्याआधी तो स्वतः खाली वाकतो. माझ्या तोंडावरचा चिखल बोटाने काढतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत एखादी नळी, एखादी जाळी, एखादे भोक उघडे दिसले, तर ते बुजवण्याआधी ते कुणी आणि कशासाठी ठेवले ते विचारा. भोंगा वाजला तर आधी बाहेर पडा, मग तो जुना आहे की नवा ते ठरवा. आणि तुमच्याकडेही सगळ्यांचे सगळे बघणारे कुणीतरी असेलच. आज जेवताना पहिला घास घ्याल, तेव्हा जरा मान वर करा. ते माणूस तुमच्याकडे बघत असेल.