पटावरची एक्केचाळिसावी

वाल्मीक निमसे सरांनी पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकच विद्यार्थी पूर्णपणे स्वतःच्या हाताने घडवला, आणि तोही बोगस.

नाशिकरोडकडच्या त्यांच्या अनुदानित शाळेत गेल्या वर्षी आठवीला चाळीस पोरं भरली. सरांची जागा टिकायला एक्केचाळीस लागत होती. एका पोराने पट कमी पडला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त शिक्षकाला सुरगाण्याच्या डोंगरात पाठवतात. सरांचे गुडघे चोपन्न वर्षांचे होते. मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडम छताकडे बघत म्हणाल्या, "सर, कुठून तरी एक मुलगी आणा ना."

सर कुठेही गेले नाहीत. खुर्चीत बसूनच त्यांनी हजेरीपत्रकात लिहिलं : कु. स्नेहल भिमाजी गांगुर्डे. वडील लासलगावच्या मार्केट यार्डात हमाल. कांद्याचा हंगाम असला की मुलगी गैरहजर, आणि हंगाम कधी ते सर ठरवणार. तिचे पेपर सर डाव्या हाताने लिहीत, म्हणजे अक्षर वेगळं पडावं. मार्क बेताचेच देत. फार हुशार मूल लोकांच्या नजरेत येतं.

मूल नववीत गेलं. डिसेंबरच्या एका गारठलेल्या सकाळी सर नववीची प्रयोगाची जर्नलं तपासायला बसले. तपासायचं म्हणजे सही करायची. चाळीसच्या चाळीस जर्नलांत अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर १५.२ सेंटिमीटर होतं. असणारच. तो आकडा ज्या आरशाचा होता, तो आरसा प्रयोगशाळेचे परिचर कारभारी यांनी अकरा वर्षांपूर्वी पुसता पुसता फोडला होता. नवा आरसा आला, आकडा जुनाच राहिला. दर वर्षीची पोरं मागच्या वर्षीच्या पोरांचं उतरवून घेतात, आणि उतरवलेला आकडा कितीही पुसला तरी फुटत नाही.

एक्केचाळिसावं जर्नल गठ्ठ्याच्या तळाशी निघालं. सर दचकले, कारण त्यांनी ते अजून लिहिलंच नव्हतं.

आत तीन वाचनं होती : २०.१, १९.८, २०.०. मध्ये एक खाडाखोड, आणि समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, "ढग आला होता. परत घेतलं."

सर बराच वेळ त्या ढगाकडे बघत राहिले. अक्षर त्यांच्या उजव्या हाताचं नव्हतं. डाव्याचंही नव्हतं.

"कारभारी," त्यांनी हाक मारली, "प्रयोगशाळेत कोण येतं हो?"

"कोन येनार सर? तुमी बी येत नाय."

"आरसा कोणी काढला होता का?"

कारभारींनी कानटोपी सारखी केली. "सात नंबरच्या टेबलाचं म्हनता ना? मी बोलनार नव्हतो. भितीवरचा थर्मामीटर सकाळच्याला अकरा दावतो. त्योच काढून सात नंबरवर धरला, का सदतीस. बाजूला घेतला, का अकरा. मी म्हनलं, थर्मामीटरला ताप आला असंल, दोन दिस पडू द्या."

"कारभारी, सदतीस अंगाचं तापमान असतं."

"म्हनून तर बोलनार नव्हतो."

सरांनी जर्नल उचललं आणि ऑफिस गाठलं. सुवर्णा मॅडमना भुताखेतांपेक्षा मोठी काळजी होती. पटपडताळणी परवावर आली होती आणि येणारे विस्तार अधिकारी पगारे हे फिजिक्सचे बीएस्सी होते. "असा माणूस वेगळा आकडा दिसला की वाचत बसतो," त्या म्हणाल्या. "सगळी सारखी असली की वजनावर मोजतो. तुम्ही ते खोडा आणि १५.२ करा. मुलगी लासलगावला गेली म्हणून सांगू. झालं."

"मॅडम, हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?"

सरांनी नाव सांगितलं.

पंखा बंद होता, तरी मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "सुरगाण्याला तुमच्या गुडघ्यांचा डॉक्टर नाही हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लाल पेन घेऊन प्रयोगशाळेत गेले. त्यांनी स्वतःशी एक तडजोड केली होती. आरसा मोजून बघायचा. पंधराच्या आसपास आला, की निवांत मनाने खोडायचं. खिडकीकडे पाठ करून ते टेबलाशी बसले. समोर स्टँडवर आरसा, आरसा आणि ते यांच्यामध्ये पांढरा पुठ्ठा. पुठ्ठा मागेपुढे सरकवला तशी खिडकीबाहेरच्या कडुनिंबाची इवलीशी, उलटी, स्वच्छ प्रतिमा पुठ्ठ्यावर उभी राहिली. सरांनी पट्टी लावली. बरोबर वीस.

"अवघड आहे," सर म्हणाले आणि तरीही त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पुठ्ठ्यावरचा कडुनिंब पुसट झाला. त्याच्या आड काहीतरी आलं होतं. हाताच्या सवयीने सरांनी पुठ्ठा एक सेंटिमीटर मागे घेतला, आणि चित्र स्पष्ट झालं. डोकं खाली, पाय वर, आणि रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या आकाशाकडे गेलेल्या.

सरांनी मान वळवली नाही. त्यांनी गणित केलं, कारण मान वळवण्यापेक्षा ते सोपं होतं. नाभीय अंतर वीस, प्रतिमा एकवीसवर, म्हणजे वस्तू चारशे वीसवर. आरशापासून चार मीटर वीस, म्हणजे त्यांच्या पाठीमागचा, खिडकीलगतचा दरवाजा.

वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते, आभासी प्रतिमा घेता येत नाही. हे वाक्य सरांनी पंचवीस वर्षं वर्गाला उतरवून दिलं होतं. त्याला अपवाद आहे असं त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

चित्र पुन्हा पुसटलं. सरांनी पुठ्ठा चोवीसवर आणला तेव्हा ते स्पष्ट झालं. म्हणजे एकशे वीस. आता नुसता चेहरा आणि वेण्या मावत होत्या. मग तीसवर स्पष्ट. म्हणजे साठ. पावलांचा आवाज नव्हता. फक्त आकडे जवळ येत होते. मग चाळीस. वस्तू वक्रता केंद्रावर असली की प्रतिमा तिथेच पडते, आणि वस्तूएवढीच पडते. आरशापासून चाळीस सेंटिमीटरवर तो पुठ्ठा होता, आणि पुठ्ठ्याच्या कडेला सरांचा उजवा खांदा होता.

पुठ्ठ्यावर दोन डोळे उलटे, खऱ्या मापाचे होते. ते सरांकडे बघत नव्हते. ते लाल पेनाच्या टोकाकडे बघत होते. त्या थंडीत सरांच्या उजव्या कानाशी ऊब लागली, शेजारच्या बाकावरचं मूल आपल्या वहीत डोकावलं की लागते तेवढीच.

देवाचं नाव घ्यावं असं सरांना वाटलं, पण तोंडातून वर्गातलाच आवाज निघाला, जरा चिरका.

"खोडत नाही गं बाळा. तपासतोय."

आणि त्यांनी तिन्ही वाचनांवर बरोबरची खूण केली. खाली "तपासले" लिहून सही केली. खरोखर तपासून केलेली ही त्यांची बऱ्याच वर्षांतली पहिली सही होती. मान वर केली तेव्हा पुठ्ठा कोरा होता. तो पुन्हा वीसवर नेला, तर कडुनिंब जागेवर.

पडताळणीच्या दिवशी बुद्धभूषण पगारे साहेबांनी नववीची डोकी दोनदा मोजली.

"चाळीस. एक?"

"लासलगावला," सुवर्णा मॅडम म्हणाल्या.

"मग जर्नल बघू."

साहेबांनी एक जर्नल पाहिलं, दुसरं पाहिलं. दहाव्यानंतर त्यांनी पानं उलटणं सोडलं आणि नुसतं "१५.२" मोठ्याने म्हणत कव्हरं बाजूला ठेवू लागले. शेवटच्या जर्नलाशी थांबले. समासातली ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली.

"निमसे सर, या कागदांवरून मला असं लिहावं लागेल, की तुमच्या वर्गात चाळीस मुलं बोगस आहेत आणि एक खरी आहे."

"उलटं आहे हो साहेब!" मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडावर धरला.

मग साहेबांनी उठून दार लोटलं. आवाज त्यांचा समजुतीचा होता. "सर, माझे वडीलही शिक्षक होते. एक ओळ लिहून द्या. हे जर्नल मी स्वतः नमुना म्हणून लिहिलं, नाव चुकून पडलं. मी लेखनिकाची चूक म्हणून धरतो. नाव कमी होईल, पण तुम्हाला इथेच नाशिकमध्ये कुठेतरी बसवता येईल."

कोरा कागद पुढे आला. सरांनी आजवर स्वतःचे नसलेले इतके आकडे स्वतःच्या नावावर घातले होते, की आणखी तिनांनी ओझं वाढणार नव्हतं. गुडघेही लिही लिही म्हणत होते. सरांनी लिहायला सुरुवात केली, आणि "हे जर्नल मी" एवढ्यावर हात थांबला.

"काय झालं?"

"तो ढग मी पाहिलेला नाही, साहेब."

"ढग जाऊ द्या हो."

"तिने जाऊ दिला म्हणून तर परत वाचन घेतलं."

सरांनी ते तीन शब्द खोडले आणि खाली दोन वाक्यं लिहिली. नाव मी घातलं. वाचनं तिची.

पगारे साहेबांनी कागद दोनदा वाचला. "यातल्या पहिल्या वाक्याला माझ्याकडे रकाना आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याला नाही."

"पहिलं भरून घ्या. दुसऱ्यावर माझी सही आहे, तेवढी राहू द्या."

आठ दिवसांत हुकूम आला. पट चाळीस, निमसे अतिरिक्त, रुजू होण्याचं ठिकाण सुरगाणा तालुका. सोबत विद्यार्थिनीचं नाव रीतसर कमी करण्याचं पत्र होतं. रीतसर नाव कमी करायचं, तर शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागतो. सरांनी तो स्वतः भरला, उजव्या हाताने. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्याशी ते थोडे अडले, मग त्यांनी लिहिलं : शिक्षकाची बदली.

मॅडमनी मुकाट सही केली, शिक्का मारला आणि विचारलं, "पण सर, हा न्यायला येणार कोण?"

"नियमात आहे ना, मॅडम. ज्याचा त्याने न्यावा."

दाखला ऑफिसच्या खिडकीशी पेपरवेटखाली ठेवला. सर सामान बांधायला घरी गेले. दुपारी दोनपर्यंत खिडकीशी कोणी म्हणजे कोणी आलं नाही, याला कारभारी साक्षीदार आहेत. आणि दोन वाजता पेपरवेटखाली काही नव्हतं, यालाही कारभारीच.