मांको ओढ्यावरचे टापटिपीचे बीव्हर

एर्सिलियाने नवऱ्याची लबाडी पकडली ती त्याच्या डाव्या टाचेवरून.

मांको ओढ्याच्या वरच्या अंगाला, तळ्याच्या काठच्या चिखलात, रबरी बुटांचे ठसे उमटले होते. उजवा पाय नीट पडलेला, डावा मात्र टाच ओढत गेलेला. खुबा निकामी झाल्यापासून सोतेरो असाच चालायचा. ती त्या ठशांकडे बघतच राहिली. तेवढ्यात मागून येर्कोच्या बुटांची पचपच ऐकू आली, तशी ती एक पाऊल पुढे सरकली आणि नेमकी त्या टाचेवर उभी राहिली.

“काय दिसलं, मावशी?”

“चिखल.”

येर्को तिच्याबरोबर सापळे लावायचा. पोर्वेनिर गावचा धडधाकट गडी, सापळ्यांचं पोतं पाठीवर टाकून दिवसभर चालला तरी दमायचा नाही, आणि त्याची जीभ तर त्याहून दमायची नाही. त्याने काठावरच्या एका बुंध्याजवळ बसकण मारली आणि बोटाने बुंध्यावरचा चिखल खरवडला. आत लाकूड पांढरंशुभ्र होतं.

“हे झाड या आठवड्यात पडलंय,” तो म्हणाला. “आणि वर चिखल फासलाय. बरं, कुरतडलेल्या कपच्या कुठं गेल्या? एवढं झाड पाडायचं म्हणजे टोपलीभर कपच्या पडतात.” मग जमिनीवरून हात फिरवत तो हसला. “मावशी, इथं दाताळं फिरवलंय! काम झालं की झाडलोट करणारे बीव्हर मी पहिल्यांदाच बघतोय. फारच टापटिपीचे दिसतात.”

“पुरे झाला चावटपणा. चल, उद्या सापळे घेऊन येऊ.”

“एवढी शिस्त माझ्या बायकोला पण नाही,” असं म्हणत येर्को उठला. त्याला किती समजलं होतं ते त्याच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता, आणि एर्सिलियाने विचारलंही नाही.

तिच्या जन्माच्याही आधी कुणा मोठ्या लोकांच्या डोक्यात आलं की जगाच्या दक्षिण टोकाच्या या बेटावर फरचा धंदा काढावा. त्यांनी पार उत्तरेकडून बीव्हर आणून सोडले. धंदा काही उभा राहिला नाही, पण बीव्हरांनी मात्र बस्तान बसवलं. इथे त्यांना खाणारा लांडगा नाही, अस्वल नाही. ओढा दिसला की बांध, बांध झाला की तळं, आणि तळ्यात उभी राहून मेलेली इथल्या रानातली लेंगाची झाडं. तिकडची झाडं म्हणे कापली तरी पुन्हा फुटतात. लेंगा फुटत नाही. एकदा पाय पाण्यात बुडाले की ती मरते आणि वर्षानुवर्षं करड्या सांगाड्यासारखी उभी राहते.

हे सगळं खोरं त्या सांगाड्यांनी भरलं होतं. खालच्या तोंडापासून एकेक ओढा बीव्हरांपासून मोकळा करत एर्सिलिया आणि तिची टोळी वर सरकत आली, त्याला तीन वर्षं लागली होती. त्याआधी जन्मभर ती मेंढ्या कातरणाऱ्यांच्या तांड्यात स्वयंपाक करायची. पन्नाशी उलटल्यावर तिने सापळ्यांचं काम धरलं तेव्हा कॅमेरॉन गावातले लोक हसले होते. सोतेरोही हसला होता. आता फक्त मांको ओढा उरला होता. तो ओढा त्यांच्याच घरामागून वाहत होता, आणि त्याची पाहणी सोतेरोने आपण होऊन अंगावर घेतली होती. “तुम्ही कशाला एवढ्या वरपर्यंत जाता? मी रोज घोड्यावरून जातोच की मासे धरायला,” असं म्हणून. आणि दर वेळी परत येऊन सांगायचा, “एकसुद्धा नाही. गेले कुठंतरी.”

संध्याकाळी एर्सिलियाने पुऱ्यांसारख्या सोपायपिया तळल्या, त्याच्यासमोर कालाफातेच्या रानबोरांचा मुरंबा ठेवला, माते नावाच्या कडू चहाचा पेला हातात दिला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “सोतेरो, आपलं दाताळं कुठंय रे?”

“दाताळं?” त्याने पेल्यातच तोंड घातलं. “असेल गोठ्यात.”

“गोठ्यात नाही.”

“मग कुणी नेलं असेल.”

“कोण नेणार? शेजारी घोड्यावरून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहतात. दाताळं न्यायला आले होते होय?”

चुलीपाशी झोपलेल्या तिसोन कुत्र्याने एक डोळा उघडून दोघांकडे पाहिलं आणि परत मिटला.

“किती आहेत?” एर्सिलियाने विचारलं.

“काय किती?”

“सोतेरो!”

“पाच,” तो पुटपुटला. “म्हातारा, म्हातारी आणि तीन पोरं.”

“आणि तू त्यांच्यामागून झाडत फिरतोस! घरात कधी केरसुणीला हात लावला नाहीस जन्मात!”

तिला हसू येत होतं आणि संतापही येत होता. पण सोतेरो हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला आणि आपले मोठे, गाठी आलेले हात मांडीवर पसरून त्यांच्याकडेच बघत बोलू लागला.

“मेंढ्यांची कातरणी हातातून सुटली ना, त्या दिवसापासून मी नुसता बसून आहे, एर्सिलिया. तू सकाळी जातेस, दमून येतेस. मी मात्र चूल राखतो आणि कुत्र्याशी बोलतो. त्या तळ्यावर गेलं की जरा बरं वाटतं. मासा लागो न लागो. अंधारायला लागलं की ती दोघं बाहेर निघतात. म्हातारी एवढा मोठा ओंडका ओढत आणते, आणि तो म्हातारा लेकाचा एक काडी तोंडात धरून तिच्यामागे मिरवत फिरतो. असं वाटतं, चला, आपल्यासारखाच आहे कुणीतरी.”

हे त्याने याआधी कधी सांगितलं नव्हतं. तिने त्याच्या ताटात आणखी एक सोपायपिया वाढली.

“तुझं कळतंय मला,” ती म्हणाली. “पण ते तळं आहे ना, तिथं रान होतं. वादळात आपली मेंढरं त्या झाडांच्या आडोशाला उभी राहायची. मागच्या हिवाळ्यात उघड्यावर गारठून मेली ती विसरलास? आणि एक जोडी राहिली की दोन-चार वर्षांत सगळं खोरं परत भरतं. मी उद्या सापळे लावणार.”

“लाव,” सोतेरो उठत म्हणाला. “पण माझ्याशी बोलू नकोस.”

आणि खरोखरच त्याने बोलणं टाकलं. म्हणजे बोलायचा, पण तिसोनशी. “तिसोन, तुझ्या मालकिणीला सांग, रश्शात मीठ नाही.” “तिसोन, विचार तिला, माझे लोकरी मोजे कुठं ठेवलेत?” सुरुवातीला एर्सिलियाने दाद दिली नाही. दोन दिवसांनी तीही कुत्र्याशीच बोलू लागली. तिसोन बिचारा मान इकडून तिकडे वळवून दमून जायचा.

तळ्यावर काम मात्र काही केल्या पुढे सरकेना. नेहमीची युक्ती अशी, की बांधाला थोडंसं भगदाड पाडायचं आणि त्यात सापळा लावायचा. पाणी वाहण्याचा आवाज आला की बीव्हरला राहवत नाही, तो दुरुस्तीला धावतो आणि सापडतो. त्या युक्तीने दोन पिल्लं आणि म्हातारा मिळाले. म्हातारी मात्र खमकी निघाली. सकाळी जाऊन बघावं तर सापळ्यात फांदी अडकवलेली, सापळा मिटलेला, वर चिखलाचा लेप, आणि भगदाड बुजवलेलं.

टोळीची प्रमुख हाविएरा ही देशाच्या उत्तर भागातून आलेली तरणी पोर. प्राण्यांचा अभ्यास करून आली होती आणि थंडीने तिचं नाक कायम लाल असायचं. ती आभाळाकडे बघून म्हणाली, “एर्सिलिया मावशी, एकदा बर्फ पडला की तळं गोठलं. मग सगळं पुढच्या वर्षावर.”

“म्हातारी आपल्याला शिकवतेय,” येर्को म्हणाला. “कालचा सापळा तर तिने माझ्यापेक्षा नीट मिटला होता.”

रोज रिकाम्या हाताने घरी यावं, तर सोतेरो तिसोनच्या कानामागे खाजवत बसलेला. “काय रे तिसोन, आज कोण जिंकलं? म्हातारीच ना? वाटलंच मला.”

चुलीपुढे बसून एर्सिलिया मेंढीची चरबी हातांना चोळायची. गार पाण्यात सापळे बसवून बसवून तिची बोटं भेगाळली होती, काही भेगांतून रक्त यायचं. सोतेरो तिकडे बघायचा आणि नजर वळवायचा.

तो संध्याकाळी तळ्यावर जायचा थांबला नव्हता. टोळी उतरून गेली की तो लांबच्या उंचवट्यावर घोडा उभा करून बसायचा. अशाच एका संध्याकाळी त्याला राहिलेलं तिसरं पोर दिसलं. आता ते पोर राहिलं नव्हतं, चांगलं वाढलं होतं. ते बांध ओलांडून पलीकडे उतरलं, थबकलं, आणि ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली निघालं. पोहत, कुठे काठाने डुलत डुलत, घर सोडून नवीन जागा शोधायला निघालेल्या कुठल्याही तरुण पोरासारखं. खाली काय होतं ते सोतेरोला माहीत होतं. खाली एर्सिलियाचं तीन वर्षांचं काम होतं.

तो बराच वेळ घोड्यावर बसून राहिला. त्याच्याखेरीज हे कुणी पाहिलं नव्हतं, आणि तो बोलला नसता तर कुणाला कळणारही नव्हतं. मग त्याने घोडा घराकडे वळवला आणि दुखऱ्या खुब्याची पर्वा न करता दौडत निघाला.

एर्सिलिया बटाटे सोलत होती. सोतेरो दारातच उभा राहिला. टोपी काढली, परत घातली.

“तिसोन,” तो म्हणाला, “तिला सांग, धाकटा खाली गेलाय.”

एर्सिलियाचा सुरीवरचा हात थांबला. कुत्र्याकडे बघतच ती म्हणाली, “तिसोन, विचार त्याला, कधी?”

“आत्ता. पाण्याच्या उजव्या अंगाने गेला. दोन ओढे मिळतात ना, तिथं रात्रीचा थांबेल. तिथं कोवळी झुडपं आहेत.”

“विचार त्याला, हे तो का सांगतोय?”

सोतेरोने टोपी पुन्हा काढली. शेवटी तो म्हणाला, “सांग तिला, तिचे हात बघवत नाहीत.”

तिसोनने शेपूट हलवलं. मग एर्सिलिया फिसकन हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सोतेरो,” ती म्हणाली, “बस. कुत्र्याला आता सुटी दे.”

दुसऱ्या दिवशी दोन ओढ्यांच्या संगमावर येर्कोने धाकट्याला धरलं. आणि त्यानंतरच्या सकाळी सोतेरो पहिल्यांदाच टोळीबरोबर तळ्यावर गेला. त्याने आडव्या पडलेल्या एका जुन्या खोडाकडे बोट दाखवलं. म्हातारी बांधावर शेवटी येते, आधी या खोडाखालच्या चरातून वर डोकावून वास घेते, हे त्याने किती संध्याकाळी पाहिलं होतं. एर्सिलियाने तिथे सापळा बसवला. तपासायला गेले तेव्हा तो लांब, घोड्यांपाशी थांबला. एर्सिलिया परत आली आणि तिने होकारार्थी मान हलवली. त्याने टोपी काढली, खोगिराचा आवळलेला पट्टा उगीचच पुन्हा आवळला.

हिवाळा गेला. बर्फ वितळल्यावर बांध फोडायचा दिवस ठरला, तेव्हा सोतेरोने हट्टच धरला. “पहिलं लाकूड मी काढणार. या बांधाची जेवढी झाडलोट मी केलीय तेवढी तुमच्यापैकी कुणी केलेली नाही.”

“काका, म्हणजे ते तुम्ही होता?” येर्कोने डोळे मोठे करून विचारलं.

“गप रे. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“माहीत होतं. मावशी ज्या तोऱ्यात त्या ठशावर उभ्या राहिल्या, त्यावरूनच कळलं.”

एर्सिलिया लालबुंद झाली आणि हाविएरा पोट धरून हसायला लागली.

सोतेरोने पहारीने एक ओंडका उचकटला, मग दुसरा. सगळे म्हणत होते, बाजूला व्हा, बाजूला उभं राहून काढा. पण तो ऐकतो कशाला! तिसऱ्या ओंडक्याबरोबर बांधाने दम सोडला. तपकिरी पाण्याचा लोंढा सुटला आणि सोतेरो पहारीसकट बसल्या बसल्या खाली घसरत गेला, टोपी पुढे, तो मागे. एर्सिलिया ओरडत काठाने धावली. वळणावर, गुडघाभर चिखलात, तो बसलेला सापडला. केसांतून पाणी निथळत होतं. त्याच्या मांडीखाली एक भलीमोठी ट्राउट मासळी तडफडत होती आणि तो तिला दोन्ही हातांनी दाबून धरत होता.

“एर्सिलिया!” तो ओरडला. “एवढी वर्षं गळ टाकून बसलो, आणि ही बघ आज आपण होऊन आली!”

त्या दुपारी त्यांनी उघड्यावर आग केली, कोकरू सळईवर भाजलं आणि ट्राउटही भाजली. सोतेरो येर्कोचे कोरडे कपडे घालून बसला होता, विजार घोट्याच्या खूप खाली लोंबत होती. घसरण्याची गोष्ट त्याने सगळ्यांना परत परत सांगितली. दर वेळी लोंढा थोडा मोठा होत गेला.

उन्हाळ्यात तळ्याच्या जागी हिरवं गवत आलं आणि मधोमध ओढा आपल्या जुन्या वाटेने वाहू लागला. हाविएराने लेंगाची रोपं आणून लावली, हाताच्या वितीएवढी. तिने सोतेरोला विचारलं, यांच्यावर लक्ष ठेवाल का? तो म्हणाला, मी मेंढ्या कातरणारा माणूस, मला झाडातलं काय कळतं, आणि ही रानाएवढी होईतो मी कुठला असायला! दुसऱ्याच दिवशी तो कुंपणाच्या तारा घेऊन तिथे हजर होता.

सापळ्यांचा पुढचा हंगाम डोंगरापलीकडच्या खोऱ्यात होता. निघायच्या सकाळी एर्सिलिया आणि येर्को घोड्यांवरून मांकोच्या वरच्या बाजूने चालले होते. खाली रोपांच्या मधोमध सोतेरो उभा होता आणि त्याच्यासमोर एक ग्वानाको, उंटाच्या जातीचं रानटी जनावर, लांब मान वर करून, शांतपणे काहीतरी चघळत.

“कुंपण दिसत नाही तुला?” सोतेरोचा आवाज वरपर्यंत येत होता. “ते झाड आहे, झाड! सबंध पठारभर गवत पडलंय, पण साहेबांना हेच पाहिजे! तुझ्या आईबापांनी काही वळण लावलं की नाही?”

ग्वानाकोने चघळणं थांबवलं, मान जरा मागे घेतली आणि नेमकी थुंकी उडवली. सोतेरो उडी मारून मागे झाला, खुब्याची आठवणही न ठेवता, आणि टोपी फिरवत पुन्हा त्याच्यावर धावून गेला.

“हाक मारायची का, मावशी?” येर्कोने विचारलं.

“नको,” एर्सिलिया हसू दाबत म्हणाली. “कामात आहे तो.” आणि तिने घोड्याला टाच दिली.