वगळलेले अकरा दिवस

शिवणकाम करायची आणि बोलायची तोडून, म्हणून घरीदारी तिचं नाव कात्री पडलं होतं. वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने आठ वर्षांच्या लेकीचा ताबा मागितला, तेव्हा तिने रडारड केली नाही. आपली हकीगत सहा पानांवर लिहून काढली आणि वकील शोधायला निघाली. तारीख नऊ दिवसांवर होती.

दादाने, थोरल्या भावाने, गावातला सगळ्यात बडा वकील गाठून दिला. त्याने पानं हातात नुसती तोलली आणि दादाकडे बघून म्हणाला, "निर्धास्त राहा. पोरगी यांचीच समजा."

"केस माझी आहे," कात्री म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला. आणि पानं वाचा."

"वाचू की, ताई. तुम्ही घर सांभाळा, कोर्ट आमच्यावर सोडा."

ती उठलीच. जिन्यात दादा भडकला. "यांच्याकडे उभं राहायला जागा मिळत नाही लोकांना."

"मला बसायला मिळाली. बसले, उठले."

मग दोन दिवस सकाळी ती कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर जाऊन बसली. निम्मे वकील ऐन दारात अशिलाला नाव विचारत होते. काळा कोट घातला की लाज झाकली जाते असं त्यांना वाटत असावं. एक बुटकी वकीलबाई मात्र पायरीवर बसून आपल्याच अशिलाला आडवेतिडवे प्रश्न विचारून घाम फोडत होती. कात्रीने तिचा पत्ता घेतला.

झेरॉक्सच्या दुकानावरची एवढीशी खोली. वकीलबाईने सहाही पानं वाचली, तोवर दादाने तीनदा घड्याळ बघितलं.

"चार मार्चला भांडण. पंधराला मुलीला शाळेतून घेऊन आलात. मधले अकरा दिवस कुठे गेले?"

कापडाच्या ताग्यात डाग निघाला तर कापड असं बेतायचं की डाग शिवणीत जावा. वीस वर्षं कात्रीने हेच केलं होतं. लिहितानाही हात तसाच वळला होता.

"मैत्रिणीकडे होते. एकटीच. त्याने मारलं आणि मी निघाले. लेक तिथेच राहिली."

दादाने मान खाली घातली. बाप वर्षभर बाहेर राहिला तर कामाला गेला म्हणतात. आई अकरा दिवस गेली की पळाली.

"त्याचा वकील हे पाच मिनिटांत उकरेल," वकीलबाई म्हणाली. "म्हणून आधी आपणच सांगायचं. डॉक्टरकडे गेला होतात?"

"सहा तारखेला. कागद आहे."

"मग इथे का नाही?"

"तो लावला असता तर बाकीचे दिवसही दिसले असते."

"बाई, डाग लपवायला अख्खी बाहीच कापून टाकलीत की."

कात्रीला हसू आलं. किती दिवसांनी.

"लेक माझ्याकडे राहील?"

"शब्द देत नाही. पण हे सगळं घेऊन उभी राहायला मी घाबरत नाही."

कात्रीने वकीलपत्रावर सही केली आणि पेन हातातच ठेवून कोरा कागद मागितला.

"अगं, घरी जाऊन लिही," दादा म्हणाला.

"नको. घरी पुन्हा हात वळेल. तू तेवढा जाऊन डॉक्टरचा कागद आण. कपाटात, वरच्या कप्प्यात."

दादा निमूट जिना उतरला. तिने वर 'चार मार्च' लिहिलं आणि त्या रात्री दाराबाहेर पडताना लेक जागी होती, तिथून सुरुवात केली.