नुईला आणायला

साचिए काकडीला काड्यांचे पाय टोचत होती. काकडीचा घोडा झाला, वांग्याची गाय झाली. पितर येताना घोड्यावरून दौडत येतात आणि परतताना गाईवरून रमतगमत जातात. तिच्या सासूला, नुईला, जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तिचं हे पहिलंच येणं, म्हणून फोटोपुढे पांढरा कंदीलही टांगला होता, आत विजेचा दिवा.

"बाबा, घोड्याचं तोंड कुठे करू? दाराकडे की आईंकडे?"

"तिच्याकडे कर. आत यायचंय ना तिला." तिचा सासरा तोकुजी म्हणाला. "दारात जाळ नाही करायचा?"

"वसाहतीचा नियम आहे ना, बाबा. मागच्या खेपेला खालच्या आजींनी केला, तर कुणीतरी बंबच बोलावला."

सुनेशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण जाळ नाही, धूर नाही, तर येणाऱ्याला वाट कळणार कशी? खिडकीतून समोरच्या इमारती दिसत होत्या. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं, अशा. नुई तर जिवंतपणीच इथे चुकली होती. भाजीची पिशवी घेऊन शेजारच्या इमारतीत चढली, आपलंच समजून दार उघडलं, आणि आत एक परका माणूस बनियनवर शेवया भुरकत बसलेला! घरी येऊन तिने ते हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता डोळे पुसले. ते डोळे पुसणं तोकुजीच्या मनात रुतून बसलं होतं. जिवंतपणी जिला हे घर सापडलं नाही, ती आता इथे कशाला येईल? ती जाईल त्सुकुदाला, जुन्या गल्लीत, जुन्या दाराशी. आणि तिथे तिला ओळखणारं कोण होतं?

त्याने जाळासाठी आणून ठेवलेली तागाच्या काड्यांची जुडी आणि मातीची थाळी पिशवीत घातली, "सिगारेट घेऊन येतो गं," म्हणाला आणि निघाला.

जमिनीखालच्या गाडीतून तो त्सुकुदात वर आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पूर्वी इथे यायचं ते नावेतून. नुई नवरी होऊन आली तीसुद्धा सुमिदा नदीच्या पल्याडून, नावेत, मांडीवर कपड्यांचं बोचकं घेऊन. मग पूल झाला, नाव बंद पडली. नदीचं पाणी काळं पडलं, मासे गेले, तशी कोळ्यांनी जाळी गुंडाळली. तोकुजी गोदीत कामाला लागला. पुढे गोदीही उठली आणि तिच्या जागी मान मोडेपर्यंत बघावे लागतील असे मनोरे उभे राहिले. भूकंपाच्या आगीतून आणि लढाईतल्या बॉम्बमधून वाचलेली गल्ली, पण छप्पर गळायला लागलं, नुईचे गुडघे जिना चढेनात, आणि मुलगा म्हणाला, बाबा, विकून टाकू. शेवटी हो म्हणणारा तोकुजीच होता.

कोपऱ्यावर किनुच्या दुकानात कढई रटरटत होती. सोया सॉस, साखर आणि बारीक मासळी आटत आल्याचा वास नाकात शिरला आणि त्याचे पाय आपोआप थांबले.

"अगं बाई! तोकु!" किनुने झारा तसाच हातात धरून बाहेर डोकावलं. दोघं शेंबडी असल्यापासून एकाच गल्लीत वाढलेली. "मेला होतास की काय? पितरांच्या दिवशी उगवलास म्हणून विचारते."

"मी नाही, नुई गेली. तुला कळवलं होतं ना, किनुताई."

"कळवलं होतंस, आले होते मी. रडले होते तुझ्या खांद्यावर. विसरलास?" ती जवळ आली. "पिशवीत काय आहे?"

त्याने सांगितलं. किनुने झारा खाली ठेवला.

"अरे, घर पाडलं तुझं. तिथे तीन मजली काडेपेटी उभी आहे. एक जोडपं राहतं, पोरगी चांगली आहे, पण ओळख ना पाळख. माझ्या दारात पेटव ना जाळ."

"तुझ्या दारात कशाला येईल ती? आपल्या दारात येईल."

"डोकं दगडाचं तुझं, आणि वयाने ते मऊही नाही झालं," किनु म्हणाली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. "जा. इथून बघते मी. पोलीस आला तर ओळख दाखवणार नाही."

जुन्या घराच्या जागी पांढरी भिंत होती आणि दाराशी सायकल. तोकुजीने गुडघे टेकून थाळीत काड्या रचल्या. काडी ओढली तोच दार उघडलं.

"आजोबा! काय करताय?"

तरुण बाई होती, हातात ओला कपडा. तोकुजीला वाटलं, धरणी दुभंगावी. तो वाकूनच बोलत राहिला. इथे आपलं घर होतं, बायको गेली, ती इथे येईल, तिला न्यायला आलोय.

"इथे? माझ्या घरात?" तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

"नाही, नाही. दारापर्यंतच. आत नाही येणार ती. परक्या घरात शिरायची तिला लाज वाटते."

बाईला हसू आलं, ते तिने आवरलं. "मग पेटवा. सायकल बाजूला घेते. टायरला लागेल."

काड्या लगेच पेटल्या. धूर सरळ वर गेला आणि मग गल्लीकडे वळला. तोकुजीने थाळीभोवती पाणी शिंपडलं. "आलीस?" तो हलकेच म्हणाला. ती गेल्यापासून त्याला वाटत होतं की या क्षणी काहीतरी होईल. खांद्यावर हात येईल, निदान वारा तरी येईल. डोळ्यांत धूर गेला, एवढंच. काड्या जळून राख झाली. तो तिथेच बसून राहिला, कारण उठून कुठे जायचं हे त्याला कळेना.

"आजोबा, पाय दुखतील तुमचे," बाई म्हणाली.

तेवढ्यात ढोल वाजला. नदीकाठच्या रस्त्यावर नाच सुरू झाला होता. किनु एप्रन सोडून त्याला न्यायलाच आली.

त्सुकुदाचा नाच संथ. मधल्या मचाणावर एकच माणूस ढोल धरून गातो, बाकीचे रिंगण धरून हळूहळू सरकतात. रस्त्याच्या टोकाला, ज्यांना कुणीच नाही अशा मृतांसाठी मांडलेला देव्हारा. पुरात वाहून गेलेले, आगीत गेलेले, ज्यांचं नाव विचारायला मागे कुणी उरलं नाही असे. तोकुजी तिथे हात जोडून बराच वेळ उभा राहिला.

"एवढं काय मागतोयस त्यांच्याकडे?" किनुने विचारलं.

"नुई यांच्यात येऊन उभी राहिली असेल तर? आमचं घर दिसलं नाही म्हणून?"

किनुने त्याला कोपराने ढकलत रिंगणात घेतलं. पावलं अजून अंगात होती. दोन पुढे, एक मागे, हात आडवा. त्याच्या मागून नाचता नाचताच ती बोलायला लागली.

"तोकु, रागावू नकोस. नुई नाही येणार इथे."

"का?"

"मला फोन करायची ती. दर आठवड्याला. तुला ठाऊक नव्हतं?"

त्याचं पाऊल चुकलं.

"म्हणायची, किनुताई, जन्मात पहिल्यांदा असं दार मिळालंय जे लावलं की लागतं. इथे काय होतं तिला? तुझ्या आईची बोलणी, पहाटे मासळी निवडणं, आणि कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते सगळ्या गल्लीला माहीत. नवरी म्हणून आली त्या दिवशी नावेतून उतरायला तयार नव्हती पोर. मीच हात धरून उतरवलं."

"खोटं. तिकडे घर चुकली तेव्हा रडली होती ती."

"हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या! फोनवर सांगतानाही तसंच झालं तिचं. त्या बनियनवाल्याच्या बायकोशी पुढे मैत्री झाली, दोघी गाण्याच्या वर्गाला जायच्या. गाण्याचा वर्ग माहीत होता की नव्हता?"

गाण्याचा वर्ग माहीत होता. पण ती वेळ घालवायला जाते, असं त्याला वाटायचं.

"आणखी काय म्हणायची?"

"म्हणायची, मी रुळले, आमचे हे नाही रुळले. खिडकीशी बसून नदी शोधतात."

रिंगण पुढे सरकत होतं, त्याच्यासाठी थांबत नव्हतं. ढोलाच्या ठोक्यागणिक त्याला गल्लीतली माणसं दिसत गेली. मचाणावर गाणारा बाप, जाळी सुकवणारा भाऊ, नावेच्या घंटेला ओरडून उत्तर देणारी पोरं. त्यांतलं कुणीच आता नव्हतं. आणि त्या सगळ्यांत त्याने नुईला शोधलं तर ती कुठेतरी कडेला, ओल्या हातांनी, पल्याडच्या काठाकडे बघत उभी होती. इतकी वर्षं तो तिच्या नावाने आपलंच रडत होता.

एकदम तो रिंगणातून बाहेर पडला.

"कुठे निघालास?"

"घरी. ती तिकडे आली असेल गं, आणि मी घरात नाही!"

किनुने दुकानातून पुडी आणून त्याच्या हातात कोंबली. "नुईला दे. म्हणावं, बारीक मासळी आहे, काटे नाहीत."

साचिए दारातच उभी होती. "बाबा! सिगारेट आणायला अमेरिकेला गेला होता का? हे खाली शोधायला गेलेत तुम्हाला."

तो चपला भिरकावून फोटोसमोर बसला. उदबत्ती अर्धी जळली होती.

"मी नव्हतो गं, तू आलीस तेव्हा," तो म्हणाला.

साचिए त्याच्या शेजारी टेकली. "मी होते ना, बाबा. मी म्हटलं आईंना, या, बसा, बाबा येतीलच."

पुडी सोडून त्याने थोडी मासळी नुईपुढे ठेवली, थोडी सुनेपुढे सरकवली. मुलगा धापा टाकत वर आला, त्याच्यासाठीही वाढली.

"उद्या त्सुकुदाला जाईन म्हणतो," जेवण झाल्यावर तो म्हणाला. "नाच आहे."

"आईंना घेऊन?"

"नको. तिला राहू दे घरात. दमून आलीय." त्याने उदबत्ती नवी लावली. "मला जायचंय. मीच जातो."