पाऊण एमएमची वायर

आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट मी हाताखालच्या माणसांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. वायर निवडताना पुढचा दिवा बघू नका, मागचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, बघा. प्लगच्या लाइनीवर वीस अँपिअरचा एमसीबी असतो. तिथून दिवा घ्यायचा तर जाड वायरच पुढे न्या, नाहीतर बारीक वायरीच्या सुरुवातीला छोटा फ्यूज बसवा.

आणि ताईच्या घरी मी स्वतः काय दिवे लावले? आईला उशाशी वाचायला दिवा हवा होता. पिशवीत पाऊण एमएमच्या बारीक वायरीचा तुकडा उरला होता. तोच प्लगमधून काढून प्लास्टिकच्या पट्टीतून भिंतीवर नेला. फ्यूज जवळ नव्हता. एवढासा दिवा, त्याला काय होतंय, पुढच्या खेपेला बसवू म्हटलं. घरचंच काम ना. त्याला चार महिने झाले.

आज सकाळी एका दुकानात शिडीवर होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला.

“अरे, आईच्या दिव्याच्या जागी ह्यांनी काल प्लग बसवला. हीटरची वायर पोचत नव्हती. तुझा हेलपाटा वाचवला बघ.”

“हीटर कुठला?”

“मोठा, तीन हजार वॅटचा.”

“आत्ता बंद आहे ना?”

“छे, आई गारठते. मी बसमध्ये आहे, हे पण गेले कामावर. का रे?”

“काही नाही. जाऊन येतो जरा,” मी म्हणालो. खरं कारण तेव्हाही तोंडातून निघालं नाही.

शिडीवरून उतरलो आणि गाडी काढली. एमसीबी पडेल ही आशाच नव्हती. हीटरचे तेरा अँपिअर त्याला किरकोळ, पण त्या वायरीला दुप्पट. कंबर मोडल्यापासून आईला आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून ताई बाहेरून कुलूप लावून जाते. मेन स्विच आत. दुसरी किल्ली माझ्याकडे.

आईला तीनदा फोन लावला. नुसता वाजत राहिला. सिग्नलला थांबलो तेव्हा छपरांवर धूर दिसतोय का तेच बघत होतो. एवढा मी जन्मात घाबरलो नव्हतो. मागचा गाडीवाला शिव्या घालत होता, तेव्हा कळलं की सिग्नल सुटलाय.

दार उघडताच गरम प्लास्टिकचा वास आला. आधी मेन पाडला, मग आईच्या खोलीत धावलो. ती जागी होती. कुशीवर वळून एक तळवा त्या पट्टीवर टेकवून पडली होती.

“फोन का नाही उचललास?”

“हात काढावासा वाटेना रे. पट्टीला छान ऊब येते, बोटं मोकळी होतात. तू पट्टी बसवलीस तेव्हा हे बोलला नाहीस.”

मी तिचा हात बाजूला केला आणि पट्टीचं झाकण उचकटलं. दोन्ही वायरींची आवरणं वितळून एकमेकांना चिकटली होती. तिचा तळवा होता तिथेच उघडं तांबं दिसत होतं. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि रडायलाच लागलो.

“दिवा काढला म्हणून होय?” आई म्हणाली. “वेडा आहेस. परत लाव की.”

मग तिचा हात हातात घेऊन मी तिला सगळं सांगितलं. चार महिन्यांचं. आईने ऐकून घेतलं, आणि माझ्या हातातला आपला हात सोडवून पांघरुणात घेतला.